सयाजीबाग : एकाच कुंपणातल्या संस्था आणि त्यांची आजची गरज

रावपुरेकर

बडोद्याच्या सयाजीबागेवर, जिला आमच्या घरांतून आजही कमाटीबागच म्हणतात, एक सविस्तर धागा असावा असे वाटले म्हणून हे लिहितो आहे. बागेत आणखी कोणत्या सोयी व्हायला हव्यात यावर गावात बोलणे सतत चालू असते. परंतु बागेची घडण कशी होत गेली आणि तिच्यातल्या संस्था एकमेकींशेजारी का आल्या, हा विचार त्या बोलण्यात क्वचितच येतो. तो आधी करावा आणि मग मागण्यांकडे वळावे, अशी सर्वांना विनंती आहे.

ही बाग १८७९ साली विश्वामित्रीच्या काठावर घातली गेली. त्या वेळी सयाजीराव महाराज अवघे सोळा वर्षांचे होते. नाशिक जिल्ह्यातल्या कौळाण्याहून आलेल्या या मुलाचे दत्तकविधान २७ मे १८७५ रोजी झाले आणि राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे त्यांच्या हाती आली ती २८ डिसेंबर १८८१ रोजी. मधल्या काळात कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. म्हणून एवढी मोठी जमीन, सुमारे ११३ एकर, लोकांसाठी बाजूला काढली गेली याचे श्रेय देताना माधवरावांच्या कारभाराचाही उल्लेख झाला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. मात्र त्या जमिनीचे पुढे जे झाले, त्यामागे महाराजांची दृष्टी स्पष्ट दिसते. १८८७ मध्ये वस्तुसंग्रहालयाची सुरुवात झाली आणि वास्तुरचनाकार चिझम यांच्या हातून घडलेली त्याची इमारत १८९४ मध्ये पुरी झाली. शेजारच्या चित्रदालनाचे काम १९०८ मध्ये सुरू होऊन १९१४ मध्ये संपले. परंतु त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटल्यामुळे युरोपात घेतलेली चित्रे वेळेवर येऊ शकली नाहीत आणि दालन लोकांसाठी उघडले ते १९२१ साली. संस्थानाच्या बागांसाठी लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पती उद्यानात तयार झालेले क्रुम्बिगल हे जर्मन तज्ज्ञ १८९३ मध्ये बडोद्यास आणले गेले. हेच गृहस्थ १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात गेले आणि बंगळूरच्या लालबागेमुळे पुढे प्रसिद्ध झाले. बडोद्याच्या संदर्भात त्यांचे नाव आपण फारसे घेत नाही, ते घेतले जावे.

आता याच वर्षांत संस्थानात दुसरीकडे काय चालले होते ते पाहावे. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू झाला. १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथालयतज्ज्ञ बोर्डन यांना बोलावून गावोगावच्या ग्रंथालयांची व्यवस्था उभी करण्यात आली, आणि जिथे ग्रंथालय नव्हते तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. वस्तुसंग्रहालय, चित्रदालन, प्राणिसंग्रहालय आणि बँडस्टँड या साऱ्या गोष्टी या शैक्षणिक कामापासून वेगळ्या काढून पाहता येत नाहीत. ज्याला शाळा मिळाली त्याने शाळेत शिकावे, ज्याला वाचता येते त्याने ग्रंथालयात जावे, आणि ज्याच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही त्यालाही फिरता फिरता वनस्पती, प्राणी, शिल्प, चित्र आणि संगीत यांची ओळख व्हावी, असा या मांडणीचा अर्थ मी लावतो. तो कुठल्या हुकुमात शब्दशः लिहिलेला आहे असा माझा दावा नाही. कामांचा क्रम आणि जागांची निवड पाहिली की तो आपोआप निघतो. संग्रहालय राजवाड्याच्या आवारात बांधता आले असते, कॉलेजच्या आवारातही बांधता आले असते. ते बागेत बांधले गेले, म्हणजे जिथे माणसे कोणी न बोलावता येतात तिथे बांधले गेले.

आज याच कुंपणात तारांगण आहे, फुलांचे घड्याळ आहे, मुलांची छोटी गाडी आहे, खेळण्याच्या जागा आहेत. यांपैकी प्रत्येक गोष्टीची चौकशी आपण स्वतंत्रपणे करतो: घड्याळ चालू आहे का, गाडी किती वाजता सुटते, वाघ बाहेर आला होता का. मला वाटते की बागेची खरी उणीव एखाद्या नव्या आकर्षणाची नसून या संस्थांमधला जुना दुवा सुटला आहे, ही आहे. गाडीत बसलेले मूल संग्रहालयाच्या जवळून जाते आणि त्या इमारतीत काय आहे हे त्याला कोणी सांगत नाही. हा दुवा पुन्हा कसा जोडता येईल, त्यासाठी कोणत्या सोयी हव्यात आणि कोणत्या टाळायला हव्यात, यावर सर्वांनी सविस्तर लिहावे. त्यातून पुढे आपल्या मागण्यांचा एक अर्ज करता येईल.

---

फतेगंजची_शिक्षिका

रावपुरेकर काका, धागा काढलात याचा आनंद झाला. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि मुलांना घेऊन बागेत जाणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. म्हणून फक्त संग्रहालयाविषयी लिहिते.

मुलांना संग्रहालयात सर्वांत आधी ओढून नेतो तो देवमाशाचा सांगाडा. निळ्या देवमाशाचा हा सांगाडा सुमारे २२ मीटर लांबीचा असून तो देवमासा १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता. दुसरे आकर्षण ईजिप्तच्या ममीचे. या दोन गोष्टी दाखवून बहुतेक सहली बाहेर पडतात आणि प्राण्यांकडे वळतात, कारण वेळ थोडा असतो आणि मुले पुष्कळ असतात. यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. परंतु त्याच इमारतीत आकोट्याच्या जैन धातुमूर्ती आहेत, आणि आकोटा म्हणजे बागेपासून काही अंतरावरचा, आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या राहण्याचा भाग आहे. १९५१ च्या सुमारास तिथे सापडलेल्या या मूर्ती पाचव्या ते अकराव्या शतकांच्या दरम्यानच्या आहेत. त्यांतली मुकुट घातलेली जीवंतस्वामींची (म्हणजे दीक्षेपूर्वीच्या महावीरांची) मूर्ती पाहिल्यावर, आपण ज्या रस्त्याने रोज शाळेत येतो त्याच भागातल्या जमिनीखाली हे होते, हे मुलांच्या लक्षात येते आणि मग प्रश्न थांबत नाहीत. ईजिप्तविषयी मुले ऐकून घेतात. आकोट्याविषयी ती विचारतात. हा फरक मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की शाळांसाठी संग्रहालयाची एक छोटी वाट ठरवून द्यावी. साऱ्या दालनांतून धावत जाण्याऐवजी मुलांनी चार-पाच वस्तूंपुढे बसावे, चित्र काढावे आणि मग बाहेर येऊन बागेत त्याच विषयाशी जोडलेली एखादी गोष्ट पाहावी. देवमाशाचा सांगाडा पाहून झाल्यावर प्राणिसंग्रहालयातल्या सस्तन प्राण्यांकडे जावे. लघुचित्रांतली फुले पाहून झाल्यावर बागेतले वाफे पाहावेत. यासाठी नवी इमारत लागत नाही. सावलीतली एक मोकळी जागा, बसायला सतरंज्या, पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह एवढे जवळपास असले की शाळा आपोआप अधिक वेळ थांबतील.

दुसरी गोष्ट पालकांसाठी. दालनांत अंधार फार असतो अशी तक्रार मी ऐकते. कागदावरची जुनी चित्रे आणि कापड यांचे रंग प्रकाशाने कायमचे उडतात, म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश पडू देऊ नये असा संग्रहालयांचा सर्वमान्य दंडक आहे. दाराशीच दोन ओळींत हे लिहून लावले तर लोक डोळे स्थिरावेपर्यंत थांबतील आणि फोनच्या विजेऱ्याही पेटवणार नाहीत. माहितीफलकांबरोबर मराठी आणि हिंदी माहितीपत्रकही मिळावे, असे मला वाटते. बडोद्यात मराठी घरे आहेत म्हणून तर हवेच, शिवाय नाशिक, धुळे, जळगावकडून येणारे प्रवासीही बरेच असतात.

---

आजवाकाठ

माझे सारे नोकरीचे आयुष्य पाणीपुरवठ्याच्या कामात गेले. बागेच्या चर्चेत नदीचा उल्लेख वरवर होतो याचे मला फार वाईट वाटते, कारण सयाजीबागेतल्या कोणत्याही सोयीचे भवितव्य शेवटी विश्वामित्रीच ठरवते.

नदी पावागडच्या डोंगरांत उगम पावते आणि शहरातून पुढे जाऊन ढाढर नदीला मिळते. वरच्या अंगाला आजव्याचा तलाव, म्हणजे सयाजी सरोवर आहे. १८९२ मध्ये पुऱ्या झालेल्या या कामाने बडोद्याला नळाचे पाणी दिले. पावसाळ्यात तलाव भरला की जादा पाणी विश्वामित्रीतच येते. त्याच वेळी शहरातही पाऊस कोसळत असेल तर शहरातले गटार आणि कांस, म्हणजे पावसाच्या पाण्याचे नाले, नदीत उतरू शकत नाहीत, कारण नदीच भरलेली असते. काळा घोडा पुलाशी पाण्याची उंची मोजतात आणि तिथली धोक्याची पातळी २६ फूट धरलेली आहे. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये तर नदी ३५ फुटांच्याही वर गेली. काळा घोडा म्हणजे बागेचे मुख्य दार. तिथे पाणी एवढे चढते तेव्हा बागेत काय होत असेल हे निराळे सांगायला नको.

आता महत्त्वाचा मुद्दा. नदीकाठी आपल्याकडे ज्यांना कोतर म्हणतात त्या घळी आहेत, आणि त्यांच्या लगत मोकळी जमीन आहे. पूर येतो तेव्हा पाणी या घळींत आणि मोकळ्या जमिनीवर पसरते आणि तेवढा वेळ ते लोकांच्या घरांत शिरत नाही. बागेची हिरवळ काही तास किंवा एखादा दिवस पाण्याखाली जाणे हे नुकसान आहे, पण ते भरून निघणारे नुकसान आहे. त्याच जागी पक्के बांधकाम उभे केले तर तेवढे पाणी दुसरीकडे, बहुधा खालच्या अंगाच्या वस्तीत जाणार. म्हणून बागेच्या नदीकडच्या भागात एक फूटही नवे काँक्रीट होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वाहनतळ, खानपानगृह, सभागृह यांतले जे काही अटळ असेल ते रस्त्याकडच्या उंच भागात, आणि शक्यतो आहे त्याच इमारतींत व्हावे. यंत्रे, विजेचे पेटारे आणि पाण्याचे पंप ज्ञात पूरपातळीच्या वर बसवावेत. फुलांच्या घड्याळाचे यंत्र जमिनीखाली आहे. त्याची तबकडी सुमारे २० फूट व्यासाची असून काटे रोपांच्या वरून फिरतात, म्हणून रोपे कायम बुटकी राखावी लागतात. पुराचा गाळ अशा तळघरात शिरला की सफाईचे काम किती किचकट होते हे तांत्रिक माणसालाच कळेल.

मगरींविषयी दोन शब्द. विश्वामित्रीतल्या मगरी ही शहराच्या मधोमध राहणारी, देशात फार थोड्या ठिकाणी दिसणारी वस्ती आहे आणि कायद्याने तिला सर्वोच्च संरक्षण आहे. मगरीची मादी उन्हाळ्याच्या आधी मातीच्या काठात खड्डा करून अंडी घालते आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पिले बाहेर येतात. काठ दगडांनी बांधून काढला तर तिला अंडी घालायला जागा उरत नाही आणि ती भलतीकडे भटकते. बागेतून नदी दिसेल अशा सुरक्षित जागी उंच कठडा आणि मगरीच्या जीवनक्रमाचे नीट लिहिलेले फलक उभे करावेत. रावपुरेकर ज्या लोकशिक्षणाविषयी लिहितात त्याचा सर्वांत जिवंत पाठ या नदीत आहे, आणि त्याला पिंजरा लागत नाही.

---

पहाटफेरी

वरचे सर्व वाचले आणि पटले. पहाटे बागेत फिरायला येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींच्या वतीने केवळ व्यवहाराच्या गोष्टी नोंदवतो.

पाठ टेकता येईल अशी बाके हवीत. साठी उलटलेल्या माणसाला पाठ नसलेल्या ओट्यावरून उठताना हाताचा आधार लागतो. म्हणून बाकाला हात असणेही तितकेच आवश्यक आहे. बाके एकमेकांपासून फार लांब असली की गुडघेदुखीची माणसे अर्ध्या वाटेवरून परततात आणि हळूहळू येणेच सोडतात. स्वच्छतागृहे पहाटे फिरणारे येतात त्या वेळीच उघडलेली असावीत. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यासाठी निदान एक तरी वाट दारापासून संग्रहालयाच्या पायथ्यापर्यंत पायरीविना, सलग असावी. चालण्याच्या वाटेवर गुळगुळीत फरशा बसवण्याचा मोह टाळावा, कारण दवाने आणि पावसाने त्या निसरड्या होतात आणि आमच्या वयात पडणे म्हणजे अंथरूण धरणे. आणि जुन्या झाडांच्या बुंध्याला अगदी लागून फरशा बसवू नयेत. मुळांना पाणी आणि हवा मिळायला भोवती उघडी माती लागते. वडाच्या आणि चिंचेच्या सावलीसाठीच तर आम्ही येतो.

---

सूरबहार

बँडस्टँडचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. बडोद्याचे संगीत म्हटले की आपण दरबाराकडे पाहतो, उस्ताद फैयाझखाँ साहेबांचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या संस्थानाने १८८६ मध्ये गायक मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा काढली आणि दरबाराबाहेरच्या मुलांना स्वरलिपीसह संगीत शिकवण्याची सोय केली, त्याच संस्थानाच्या बागेत बँडस्टँड उभा आहे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. ती गायनशाळा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्रयोगजीवी कलांच्या, म्हणजे संगीत, नृत्य आणि नाट्य यांच्या, विद्याशाखेत नांदते आहे आणि तिची इमारत शहरातच आहे. म्हणजे वाजवणारे विद्यार्थी आहेत, मंच आहे आणि ऐकणारे रोज संध्याकाळी बागेत हजर असतात.

माझा प्रस्ताव साधा आहे. हिवाळ्याच्या महिन्यांत ठराविक रविवारी, सूर्यास्ताच्या आधीचा तासभर, विद्यार्थ्यांनी तिथे वादन करावे आणि ते ध्वनिवर्धकाशिवाय करावे. ध्वनिवर्धक नको याला दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे प्राणिसंग्रहालय त्याच आवारात आहे आणि मोठ्या आवाजाने पक्षी व प्राणी किती बिथरतात हे दिवाळीत घरच्या कुत्र्याकडे पाहूनही कळते. दुसरे म्हणजे बँडस्टँडची रचनाच मुळी विजेच्या आधीच्या काळातली आहे: उंचावलेला मंच आणि वर छत, ज्यामुळे आवाज वर निघून न जाता भोवतालच्या हिरवळीकडे वळतो. सनई, बासरी, व्हायोलिन, जलतरंग अशी वाद्ये तिथे उघड्या आवाजात ऐकू येतील. मोठा मांडव, प्रायोजकांचे फलक आणि खुर्च्यांच्या रांगा आल्या की कार्यक्रम बागेचा राहत नाही; येता-जाता थांबून पाच मिनिटे ऐकणाऱ्याला तिथे जागा उरत नाही, आणि माझ्या मते तोच श्रोता या मंचाचा खरा धनी आहे.

---

मूळचा_बडोद्याचा

मी आता पुण्यात राहतो आणि सुटीत मुलांना घेऊन बडोद्यास येतो. चर्चा उत्तम चालली आहे, पण मला थोडा वेगळा सूर लावावासा वाटतो.

मुलांना करमणूक हवी असते आणि ती हवी असण्यात काही गैर नाही. माझी मुले छोट्या गाडीसाठी बागेत येतात. संग्रहालयात ती गाडीनंतर आली. गाडी नसती तर आलीच नसती. दुसरे असे की जुन्या इमारती, झाडे आणि प्राणी यांच्या देखभालीला सातत्याने पैसा लागतो, आणि तिकिटाच्या उत्पन्नाशिवाय तो कोठून यायचा हा प्रश्न आपण टाळतो आहोत. प्रत्येक नव्या आकर्षणाकडे संशयाने पाहिले तर तरुण कुटुंबे शहराबाहेरच्या मॉलकडे वळतील आणि बाग केवळ ज्येष्ठांची होऊन राहील. बागेत पायी फिरायला पैसे पडत नाहीत ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती तशीच राहावी. पण ज्यांना शक्य आहे त्यांच्याकडून अधिक सोयींसाठी अधिक पैसे घेण्यात संकोच का असावा?

गाडीविषयी मात्र एक करता येईल. ती जिथून जाते तिथल्या गोष्टींची माहिती मुलांना कळेल अशा दोन-दोन वाक्यांत, गुजराती, हिंदी आणि मराठीत, गाडीतच सांगितली जावी. रावपुरेकरांनी म्हटलेला दुवा गाडीनेही जोडता येतो.

---

रावपुरेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मूळचा_बडोद्याचा यांची गाडीविषयीची सूचना मला अतिशय आवडली. करमणुकीला माझा विरोध नाही. महाराजांनी प्राणिसंग्रहालय आणि बँडचे सूर बागेत राहू दिले, वाढू दिले, ते माणसांनी कपाळाला आठ्या घालून शिकावे म्हणून नव्हे. माझा आग्रह एवढाच आहे की नव्या सोयीचा विचार करताना ती आधीच्या संस्थांकडे माणसे नेते की त्यांच्यापासून तोडते, हे पाहिले जावे. गाडी नेऊ शकते. कानठळ्या बसवणारे पाळणे आणि खेळयंत्रे नेत नाहीत.

पैशाच्या प्रश्नाला बगल देऊ नये, हेही मान्य आहे. त्याच्या मुळाशी व्यवस्थेची एक अडचण आहे, ती इथे मांडतो. बाग, प्राणिसंग्रहालय आणि तारांगण शहराच्या महानगर सेवा सदनाकडे, म्हणजे महानगरपालिकेकडे, आहेत. वस्तुसंग्रहालय आणि चित्रदालन राज्य शासनाच्या संग्रहालय खात्याकडे आहेत. प्राण्यांच्या बाबतीत १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाचे नियम लागू आहेत. मगरींसाठी वनखाते आहे. संस्थानाच्या काळात या सर्वांवर एकच धनी होता, आज चार आहेत. यात कोणाची चूक नाही, लोकशाही राज्यात कामांची वाटणी अशीच होते. परंतु त्यामुळे सुटीचे दिवस वेगळे, तिकिटे वेगळी आणि उघडण्याच्या वेळाही वेगळ्या होतात, आणि बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबाला एका दिवसात सर्व पाहण्याची आखणी करणे अवघड जाते. एकत्रित तिकीट निघाले, त्याचे उत्पन्न ठरलेल्या प्रमाणात वाटून घेतले गेले आणि त्यातला काही भाग केवळ झाडे व जुन्या इमारती यांच्यासाठी राखून ठेवला, तर पैशाचा आणि दुव्याचा असे दोन्ही प्रश्न काही अंशी सुटतील. ज्याला पैसे देता येत नाहीत त्याच्यासाठी बाग, बँडस्टँड आणि नदीकाठचा कठडा खुलाच राहील.

आजवाकाठ यांनी लिहिलेला मजकूर मी पुन्हा वाचला आणि तो अर्जात सर्वांत वर घ्यावा असे माझे मत झाले आहे. आपण बाके मागू, माहितीपत्रके मागू, रविवारचे वादन मागू. परंतु नदीकडची जमीन एकदा बांधकामाखाली गेली की ती परत मिळत नाही, आणि बाकी मागण्या पुढच्या वर्षीही करता येतात. म्हणून अर्जाचा पहिला मुद्दा असा असावा: नदीलगतच्या पट्ट्यात कोणतेही नवे पक्के बांधकाम होऊ नये, आणि बागेच्या प्रत्येक नव्या कामाच्या आराखड्यावर काळा घोडा येथील पूरपातळी आखून दाखवलेली असावी. त्याखाली पहाटफेरी यांच्या मागण्या जशाच्या तशा घेऊ, त्यांत बदल करण्यासारखे काही नाही.

---

आजवाकाठ

पूरपातळीच्या मुद्द्यात एक भर घालावी. आराखड्यावर रेघ आखून सामान्य माणसाला काही कळत नाही. गेल्या मोठ्या पुरांत पाणी जिथवर चढले ती उंची बागेतल्याच खांबांवर किंवा भिंतींवर रंगवून, शेजारी वर्ष लिहून ठेवावी. परदेशांत आणि आपल्याकडेही कित्येक नदीकाठच्या घाटांवर अशा खुणा असतात. त्यासाठी खर्च जवळपास नाही, आणि खूण डोक्यापेक्षा उंच दिसली की तिथे सभागृह बांधण्याची कल्पना मांडणाऱ्यालाही विचार करावा लागेल. मात्र संग्रहालयाच्या जुन्या भिंतींवर रंग लावू नये. तिथे जवळ स्वतंत्र दगड उभा करावा.

---

फतेगंजची_शिक्षिका

या खुणांचा उपयोग मी वर्गात नक्की करीन. मुलांना आपली उंची त्या खुणेशी ताडून पाहता येईल आणि पुराचे गणित तिथेच उभ्या उभ्या शिकवता येईल.

काका, अर्जासोबत जोडायला संग्रहालयाच्या शालेय वाटेचा नमुना मी तयार करते: देवमासा, आकोट्याच्या मूर्ती, एक लघुचित्र, एक वाद्य आणि एक नाणे. प्रत्येकासाठी मुलांना विचारायचे तीन प्रश्न गुजरातीत आणि मराठीत देईन. वाद्याविषयीचे प्रश्न सूरबहार यांनी लिहून दिले तर बरे होईल, आणि गाडीत ऐकवायची वाक्ये मूळचा_बडोद्याचा यांनी आपल्या मुलांना वाचून दाखवून मगच पाठवावीत. मुलांना जी कंटाळवाणी वाटतील ती आपण गाळू.